शेपटी टकरीची नव्हे, वाऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कन्या या दीर्घिका-समूहातल्या आयसी ३४१८ या अंधूक बटू दीर्घिकेवर टिपण आले. असा आडवळणाचा विषय छापलात, आनंद वाटला. पण त्यातली दोन विधाने चुकीची आहेत: तिची शेपटी दुसऱ्या दीर्घिकेशी झालेल्या टकरीतून निघाली, आणि ती चार इंची दुर्बिणीतून दिसेल.

तिची शेपटी 'टकरीतून' निघालेली नाही. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत काही कोटी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. समूहाच्या तुलनेत सेकंदाला जवळजवळ १,००० किमी वेगाने ही दीर्घिका त्यातून चालली आहे. समोरून येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट, तर दाब चौपट. बटू दीर्घिकेचे गुरुत्व तोकडे, त्यामुळे तिचा वायू मागे उडाला, त्याचीच शेपटी झाली, आणि जुने तारे जागेवर राहिले. टकरीत तेही ओढले गेले असते. वायू गेल्यामुळे मूळ दीर्घिकेत तारे जन्मणे साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी थांबले. नवे निळे तारे दिसतात ते सुमारे ५५ हजार प्रकाशवर्षे लांब शेपटीत, तेही ठळकपणे अतिनील प्रकाशात. तो प्रकाश आपले वातावरण अडवते, म्हणून गॅलेक्स ही नासाची अवकाश दुर्बीण आणि आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण उपयोगी पडली.

दुसरे, 'चार इंची दुर्बिणीतून दिसेल' हे. दिसणार नाही. दीर्घिकेची तेजस्वितेची प्रत १४-१५च्या आसपास (आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक), आणि तेवढाच प्रकाश पसरलेला. त्याच प्रतीचा तारा टिपणे त्यामानाने सोपे. हौशींनी छायाचित्राचाच मार्ग धरावा. एप्रिलच्या अमावास्येला रात्री अकराच्या सुमारास कन्या समूह महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. एम ८७ ही समूहातली मोठी, तेजस्वी दीर्घिका मध्यभागी घ्यावी, तिथून १ अंश दक्षिणेला, किंचित पश्चिमेला सरकावे. आठ इंची दुर्बीण, ३ मिनिटांच्या ६० फ्रेम, म्हणजे ३ तास, शहराबाहेर. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची, डाग दुरुस्त करायला लागणारी छायाचित्रे) कॅमेरा न फिरवता, त्याच फोकसवर घ्याव्यात, नाहीतर सेन्सरवरच्या धुळीचे डागच 'दीर्घिका' होऊन बसतात. सर्वांत मोठी फसगत मात्र घरी होते: शहराच्या उजेडाचा चढउतार काढताना सॉफ्टवेअर अंधूक दीर्घिकाही पार्श्वभूमी समजून पुसून टाकते. पार्श्वभूमी कुठे मोजायची ते सॉफ्टवेअरला सांगणारे नमुना बिंदू आपोआप पडू देऊ नयेत. ते हाताने, दीर्घिकेपासून दूर ठेवावेत. एवढे करून मूळ दीर्घिकेचा फिकट डाग मिळेल. शेपटीतले निळे ठिपके आले नाहीत, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये.

आपला,
एक वाचक