न विचारता बदललेलं जनधन खातं आणि कापलेले १,०२०.१० रुपये

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
तालुका शाखा, दारव्हा, जि. यवतमाळ

प्रत : मा. नोडल अधिकारी (तक्रार निवारण), विभागीय कार्यालय

विषय : जनधन खातं खातेदाराच्या मागणीशिवाय साध्या बचत खात्यात बदलल्याबद्दल, आणि त्यातून कापलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

खातं माझ्या सासूबाईंचं आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून पत्र मी लिहीत आहे. लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं आहे, खाली त्यांचा अंगठा आहे आणि त्यांनी मला दिलेलं अधिकारपत्र सोबत जोडलं आहे. मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. गटाचं पासबुक, कर्जाचे हप्ते, व्याजाचा हिशेब माझ्याच हातात असतो. तेव्हा 'ताई, हे सिस्टीमचं असते, तुम्हाले नाही समजणार' हे काउंटरवर मिळालेलं उत्तर पत्राला पुन्हा देऊ नये.

हे खातं जनधन मोहिमेत, आधार कार्ड देऊन उघडलेलं आहे. जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानावर तसं छापलेलं आहे, त्याची झेरॉक्स सोबत आहे. त्यात संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये येतात. सासरे गेल्यापासून त्यांचा हातखर्च, दवाखाना आणि औषध त्याच पैशांत चालतं. सातबारा त्यांच्या नावावर असल्यामुळे मागच्या डिसेंबरात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, दिलेल्या नऊ क्विंटल कापसाचा चुकाराही आधार जोडलेल्या याच खात्यात आला : ७,५२१ च्या हमीभावानं ६७,६८९ रुपये. कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी आणि ट्रॅक्टरवाला यांत तो आठवडाभरात संपला. कापूसवाल्या घरात चुकारा किती दिवस टिकतो हे दारव्ह्यात नोकरी करणाऱ्याला मी सांगायची गरज नाही.

त्यानंतर जानेवारीत खातं अडवलं गेलं आणि 'केवायसी करा' म्हणून सांगितलं. सासूबाईंनी काउंटरवर दाखवलेल्या जागी अंगठा दिला. नवीन पासबुक मिळालं, त्यावर 'बचत खाते – सर्वसाधारण' असं छापून आलं. खात्याचा प्रकार बदलतो आहे, आता किमान शिल्लक ठेवावी लागेल, दंड लागेल, यातलं एक अक्षरही कोणी त्यांना सांगितलं नाही.

पुढचं पासबुकात आहे. किमान शिल्लक नाही म्हणून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात प्रत्येकी ११८ रुपये, म्हणजे १०० रुपये दंड आणि १८ रुपये जीएसटी. मेसेजचे दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, तेही तीनदा. ऑगस्टमध्ये एटीएम कार्डाचे १७७. आणि मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये, त्याबद्दल खाली वेगळं लिहिते. बेरीज १,०२० रुपये १० पैसे होते. एन्ट्री मारून आणलेलं पासबुक मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माह्या पैशाले पाय फुटले का व?"

विचारायला आलो तेव्हा सांगितलं गेलं की खात्यात पन्नास हजारांच्या वर रक्कम आली की जनधनचं खातं आपोआप साधं होतं. साहेब, हा नियम जनधन खात्याचा नाही. पन्नास हजारांची मर्यादा 'लहान खात्या'ला असते, म्हणजे ज्यांच्याकडे ओळखीचा कुठलाच कागद नसतो त्यांना नुसता फोटो आणि सही-अंगठ्यावर उघडून देतात त्या खात्याला. आधार देऊन उघडलेलं खातं त्यात बसत नाही. जनधन हे मूलभूत बचत ठेव खातं आहे. त्याबद्दल रिझर्व्ह बँकेचं १० जून २०१९ चं परिपत्रक स्पष्ट आहे : किमान शिल्लक ठेवायची गरज नाही, महिन्यात किती वेळा आणि किती रक्कम जमा व्हावी याला मर्यादा नाही, आणि एटीएम कार्ड विनाशुल्क. म्हणजे ६७ हजार काय, सहा लाख जमा झाले असते तरी खातं तेच राहायला पाहिजे होतं. ते बदलायचं तर खातेदाराची मागणी पाहिजे. तशी मागणी आम्ही केलेली नाही. केली असं आपलं म्हणणं असेल तर तो अर्ज दाखवा. केवायसीच्या फॉर्मवरचा अंगठा म्हणजे खातं बदलायचा अर्ज नव्हे.

घटकाभर धरून चालू की खातं साधंच होतं. तरीही दंड बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे शिल्लक कमी झाली की आधी खातेदाराला मेसेज, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, एक महिन्याची मुदत द्यायची आणि मगच दंड लावायचा. आम्हाला पत्र आलं नाही. मेसेज पाठवले असं सांगितलं, म्हणून कोणत्या नंबरवर ते पाहायला लावलं. तो नंबर सासऱ्यांचा निघाला. ते वारले तेव्हापासून ते सिम बंद आहे. केवायसीच्या फॉर्मवर नवा नंबर लिहिलेला असूनही तो चढवलेला नाही. म्हणजे बंद पडलेल्या सिमवर सूचना पाठवल्या, त्या सूचनांचे ५३ रुपये १० पैसे आमच्याकडून घेतले, आणि सूचना देऊनही पैसे भरले नाहीत म्हणून दंडही घेतला.

त्याच परिपत्रकात दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात घ्यायला सांगितला आहे. आपल्याकडे हजार ठेवायच्या जागी साडेआठशे असले तरी शंभर आणि जवळजवळ काहीच नसलं तरी शंभर. शिवाय केवळ अशा दंडामुळे खातं उण्यात जाता कामा नये असंही त्यात आहे. एप्रिलमध्ये खात्यात ६२ रुपये होते. ते सगळे घेतले, उरलेले ५६ बाकी ठेवले आणि निराधारचे पंधराशे जमा झाले त्याच दिवशी उचलले. पासबुकात उणे आकडा दिसत नाही हे खरं. पण न आलेल्या पैशावर आधीच हक्क सांगून ठेवायचा आणि उणे केलं नाही म्हणायचं, हे गटाच्या बैठकीत आमच्या बायकासुद्धा चालवून घेणार नाहीत. स्टेट बँकेनं हा दंड सगळ्या बचत खात्यांवरून २०२० मध्येच काढला, यंदा जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल आणि इंडियन बँकेनंही काढला. जनधन खात्याला तर तो कधी लागूच नव्हता.

ज्याचे १७७ कापले ते एटीएम कार्ड पाकिटातून बाहेर निघालेलं नाही. पैसे गावातल्या बँकमित्राकडे अंगठा लावून काढतात.

आता ४३६ रुपयांचं. हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. या विम्यात १८ ते ५० वर्षांपर्यंतच नाव घालता येतं आणि संरक्षण ५५ व्या वर्षी संपतं. सासूबाईंचं वय आधारवर ६१ आहे, आपल्या कॉम्प्युटरवरही तेच आहे. त्यांच्या नावानं हा विमा निघूच शकत नाही. उद्या त्यांचं बरंवाईट झालं आणि आम्ही दावा केला, तर वय पाहून कागद परत येणार. म्हणजे ज्या विम्यातून घरी एक रुपया येऊ शकत नाही त्याचा हप्ता निराधारच्या पैशातून गेला. अपघाताचा वीस रुपयांचा सुरक्षा विमा सत्तर वर्षांपर्यंत चालतो. तो कापला असता तर आम्ही काहीच म्हटलं नसतं, तो मात्र काढलेला नाही. मे महिन्यात शाखांना विम्याचे आकडे पुरे करायचे असतात हे आम्हालाही माहीत आहे, पण ते पुरे करायला खात्यात काय आहे एवढंच पाहिलं गेलं, माणूस किती वयाचं आहे ते पाहिलं नाही. या विम्याचा फॉर्म आणि त्यावरची सासूबाईंची संमती असेल तर तिची प्रत द्यावी. पैसे विमा कंपनीकडे गेले, तिकडे विचारा, असं सांगू नये. ते आमच्या खात्यातून आपण काढले, कंपनीकडून आपणच परत आणावेत.

आमची मागणी अशी आहे. १,०२० रुपये १० पैसे जीएसटीसकट खात्यात परत जमा करावेत आणि कापल्याच्या तारखेपासून बचत खात्याच्या दरानं व्याज द्यावं, ते कितीही थोडं निघो. खातं पुन्हा मूलभूत बचत ठेव खातं म्हणून नोंदवावं आणि तसं पासबुकावर छापून द्यावं. पुढच्या मे महिन्यात हा हप्ता पुन्हा कापला जाऊ नये म्हणून त्याची आपोआप कपात बंद करावी. मेसेजसाठी बंद नंबर काढून फॉर्मवरचा नंबर लावावा. एवढं झालं तर आमचं काही म्हणणं उरत नाही.

उत्तर लेखी पाहिजे. फोनवर 'पाहतो' म्हटलेलं धरणार नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधानाचं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करणार आहोत. तिला फी नाही, वकील लागत नाही, चंदीगडच्या केंद्रावर साध्या टपालानं पाठवली तरी चालते. लोकपालाला त्रासापोटी भरपाईही देता येते. आम्ही ती मागायला निघालेलो नाही, जे कापलं तेच मागतो आहोत. पण तिथपर्यंत जावं लागलं तर तेही मागू.

गटातल्या बायकांना आपापली पासबुकं पुढच्या बैठकीला आणायला सांगितलं आहे. दोघींच्या पासबुकात ४३६ ची एन्ट्री आत्ताच दिसली आहे, त्यातली एक अठ्ठावन्न वर्षांची आहे. त्यांचे अर्ज वेगळे येतील.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि सही द्यावी. 'साहेब आल्यावर देतो' म्हणून कागद ठेवून घेऊ नये. पोच मिळाली नाही तर हेच पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवू.

आपली,
(खातेदाराच्या डाव्या हाताचा अंगठा)
पत्र लिहिणार : सून, अधिकारपत्राप्रमाणे

सोबत : जुन्या व नव्या पासबुकाच्या झेरॉक्स, आधार कार्ड, निराधार योजनेचं मंजुरीपत्र, अधिकारपत्र.

ता. क. : नवा मोबाइल नंबर खात्याला लावायला काही पैसे कापणार असाल तर आधी कळवावं, आणि जुन्या नंबरवर कळवू नये.