वाळवी आणि बाबांचा पंप

ती. आई-बाबा,
सा. न.

कपाटामागच्या भिंतीचा फोटो मिळाला. आईचा अंदाज बरोबर आहे, ती मातीची रेघ वाळवीचीच. बाबा, तुम्ही म्हणताय, "पंप घरात आहे, औषध आणतो, मीच मारतो." फोनवर आपलं यावरून वाजतं, म्हणून लिहूनच टाकते.

ती रेघ म्हणजे आतून पोकळ नळी. तिच्यातून ये-जा करतात त्या बहुतेक कामकरी. राणी, पिल्लं, सगळा पसारा जमिनीत. वरून फवारा मारला की दिसतील तेवढ्या मरतात, नळी वाळते आणि काम झाल्यासारखं वाटतं. मग खालच्या दुसरी फट शोधतात, कदाचित चौकटीच्या आतून, जिथे काहीच दिसत नाही. म्हणून रेघ पुसू नका. पेस्ट कंट्रोलचा माणूस बघायला येईल तेव्हा वाट दाखवणारी तीच आहे. फार तर मधला एक तुकडा मोडा. काही दिवसांत पुन्हा लिंपला गेला, तर वाळवी चालू आहे हे नक्की. (नाही लिंपला म्हणजे गेली, असं मात्र नाही.)

ते पेस्ट कंट्रोलवाले वेगळं काय करतात? भिंत आणि फरशी मिळते तिथे साधारण फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध खालच्या मातीत दाबाने सोडतात, आणि बाहेरून पायालगत चर खणून माती भिजवतात. हा पट्टा सलग व्हावा लागतो. मध्ये थोडी जागा सुटली तरी तेवढी वाट त्यांना पुरते. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही औषधं वाळवीला जाणवतच नाहीत. ती त्यांतून बिनधास्त जाते, अंगाला लागलेलं औषध एकमेकींना चाटताना इतरांपर्यंत पोचवते आणि मग मरते. बायफेन्थ्रिनसारखी औषधं तिला दूर ठेवतात, पण पट्टा तुटका असला की ती नुसता वळसा घालते. तेव्हा बाटली तुम्हालाही मिळेल, बाबा, पण फरशीखाली ती पोचवणार कशी? शिवाय खालून पाण्याचे पाइप गेलेत. ड्रिल घेऊन तुम्ही गुडघ्यांवर बसलाय, हे तर मला डोळ्यांसमोरही नको.

"पूर्वीचं औषध एकदा टाकलं की वर्षानुवर्षं बघायला नको," हेही खरं. आल्ड्रिन, क्लोरडेन ही जुनी औषधं मातीत टिकायचीच तशी. पण त्याच टिकण्यामुळे ती प्राण्यांच्या आणि माणसांच्या शरीरात साठत गेली, आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात पहिल्या बारा घातक रसायनांत गेली. कुठे जुना डबा उरला असेल तर उघडूही नका.

तुमच्या हातचं काम मात्र खूप आहे, आणि ते कोणी पैसे घेऊनही नीट करत नाही. मोरीचा गळका नळ आधी. ओल असेपर्यंत वाळवीला बोलावणं आहेच. भिंतीला टेकलेली रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी हलवा, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या (दोघांनीच नको, कोणाला तरी बोलवा). नवीन फळ्यांना पॉलिश करण्याआधी बोरेटचं (टाकणखाराच्या जातीचं) द्रावण लावा. ते कोऱ्या लाकडातच मुरतं आणि पावसात धुऊन जातं, म्हणून घरातल्या फळ्यांनाच. चौकटी अधूनमधून ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर मला कळवा.

आई, पावसानंतर दिव्याभोवती पंख पडले तर नीट बघ. चारही पंख सारख्या लांबीचे आणि किड्याची कंबर जाड असेल तर वाळवी. मुंग्यांचे पुढचे पंख मोठे असतात आणि कंबर बारीक.

दोघा-तिघांना घर दाखवा. न बघता फोनवर दर सांगणारा नको, नुसता फवारा मारून जाणाराही नको. औषधाचं नाव, भोकं कुठे पाडणार, हमीत पुन्हा तपासणी आहे का, हे लिहून घ्या. कागद मला पाठवा, मग ठरवू. पैशांचं मी बघते, त्यावर वाद नको.

तुमची,
ताई