लाईट गेली त्या रात्रीविषयी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय विनायक,

आठ महिने तुला पत्र लिहिले नाही, याचे कारण आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. भट्टी झटकन निववावी की हळूहळू यावरून आपले भांडण झाले आणि त्या भरात मी जे बोललो, ते बोलायला नको होते. परवा रात्री तुझेच म्हणणे खरे ठरले.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या अणूंइतक्या पातळ थरावर टंगस्टन डायसल्फाइडचा तसाच थर चढवत होतो, भट्टी ८५० अंशांवर होती आणि वळवाच्या पावसात लाईट गेली. नळीत हवा शिरू न देणारा सिलिंडरमधला आर्गॉन वायू संपत आलेला असल्याने वाट पाहता येईना, म्हणून मी झाकण उघडले आणि नळी काही मिनिटांत निवली. राइस विद्यापीठाच्या गटाने २०१४ साली दाखवले होते की ८५० अंशांना दुसरा थर वर बसतो आणि ६५० ला तो पहिल्या थराच्या त्रिकोणी स्फटिकाच्या कडेला जोडून वाढतो. हळू निववताना नमुना त्या टापूत रेंगाळतो आणि कडेला नको ती भर पडते, हे तू वहीत आकृती काढून सांगितले होतेस, पण झटकन निववले तर थर तडकतील एवढेच मी धरून बसलो. (त्याच दिवशी गंधक मोजताना तू शिंकलास आणि पिवळी भुकटी माझ्या नव्या सदऱ्यावर उडाली, ते आठवून आजही हसू येते.)

या वेळी मोठ्या त्रिकोणाच्या पोटात लहान त्रिकोण स्वच्छ दिसला. लेसर टाकून द्रव्य ओळखण्याच्या रामन चाचणीत आत दोन्ही द्रव्यांची शिखरे मिळाली, बाहेर केवळ मॉलिब्डेनमची. तरीही झोप लागत नाही, कारण आतले मॉलिब्डेनमचे ३८४ चे शिखर खाली सरकले आहे. झटकन निवल्याने थर ताणला गेला तरी ते खाली सरकते आणि टंगस्टनचे अणू मिसळले तरीही. ताणाने त्याचेच ४०३ चे दुसरे शिखर फारसे हलत नाही, मिश्रणाने ते वर चढते; पण ते जेमतेम अर्ध्या अंकाने हलले आहे आणि आपल्या यंत्रावर तेवढ्यावर विसंबता येत नाही. सरमिसळ झाली असेल, तर जिच्यामुळे इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमच्या थरात आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धन जागा) टंगस्टनच्या थरात असे वेगळे होतात ती धारदार सीमाच उरली नसेल.

आईचा गुडघा बरा आहे. निपाणीच्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

आलेख सोबत जोडले आहेत. नमुन्याचा काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, की आधी पुन्हा तसेच झाकण उघडून पाहावे, हे तू ठरव. शुक्रवारी भट्टी लावतो आहे. त्याआधी फोन कर.

तुझा,
सुधीर