फॉर्म गेला की झोप गेली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पस्तिशीकडे झुकलेला फुटबॉलपटू एखादी सोपी संधी दवडतो आणि दुसऱ्या दिवशी क्रीडा पानावर ‘आता बूट खुंटीला टांगावेत’ असा मथळा झळकतो. टीकेला आमची हरकत नाही. चुकीचा पास चुकीचाच, आणि तो तसा लिहायलाच हवा. पण अशा मथळ्यात खेळ मंदावला तो वयामुळेच, हे धरून चाललेले असते. आमचे म्हणणे एवढेच, की हे तपासल्याशिवाय लिहू नये आणि क्लबांनीही तपासल्याशिवाय मानू नये.

वय आणि नैराश्य मैदानावर जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्या दोन-तीन पावलांचा वेग कमी, चेंडूवर उशिरा पोहोचणे, पायात चेंडू आल्यावर घुटमळणे, शेवटच्या वीस मिनिटांत दिसेनासे होणे. फरक कळतो तो आलेखात. वयाची घसरण हंगामागून हंगाम हळूहळू होते. तीन महिन्यांपूर्वी ज्याच्या धावेचे, अंगावरच्या जीपीएस यंत्राने टिपलेले आकडे व्यवस्थित होते, तो आता सरावातही पाय ओढत असेल तर त्याला वय म्हणत नाहीत. अशा वेळी आधी दडलेली दुखापत शोधतात, रक्तातले लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघतात. आणि त्याच रांगेत, सगळ्यात शेवटी नव्हे, झोप आणि मन बघायचे असते.

रात्रीचा सामना घेऊ. खेळ आठ वाजता. सातच्या सुमारास खेळाडू कॅफीन घेतो, सहसा वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम. म्हणजे ७५ किलोच्या माणसाच्या पोटात २२५ ते ४५० मिलिग्रॅम. त्यातले निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे मध्यरात्री तो अजून जागाच असतो. बसमध्ये बसल्या बसल्या हातात फोन येतो. त्याच्या खेळाला दहापैकी चार गुण, खाली शेकडो शेरे, त्यात बायकोमुलांवर घसरलेले काही. घरी पोहोचून तो चुकलेल्या क्षणाची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतो. पहाटे तीनला डोळा लागतो, पाचला उघडतो. तरुण खेळाडूही असे करतो, पण सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला तीन दिवसांपर्यंत लागतात आणि वय झालेल्या शरीराला ही झोप गमावणे परवडत नाही. पुढचा सामना तिसऱ्या-चौथ्या दिवशी असेल तर तो अर्धवट सावरलेल्या अंगाने उतरतो, खेळ आणखी पडतो, शेरे आणखी बोचरे होतात. हे चक्र चार-पाच आठवडे चालले की उदासी आणि आजार यांतली रेघ ओलांडली जाते.

ही रेघ कुठली, तेही स्पष्ट असावे. सामना हरल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसणे म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, हालचाली मंदावणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, मरणाचे विचार येणे यांपैकी काही असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. खेळाडूंमध्ये तो वेष बदलूनही येतो. गोल केला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. बारीकसारीक दुखणी वाढतात, माणूस फिजिओच्या टेबलावर तास तास पडून राहतो. चिडचिड, दारू, जुगार, किंवा उलट, सगळे गेल्यावर एकट्याने केलेला जादा सराव. हा जादा सराव पाहून प्रशिक्षक खूश होतात, हे आम्हाला फार काळजीचे वाटते.

तपासायचे कसे, हा प्रश्न सुटलेला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यगटाने २०२० मध्ये खेळाडूंसाठी मानसिक आरोग्य तपासणीचा आराखडा दिला. पहिली पायरी फक्त १० प्रश्नांची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज १७ किंवा त्याहून जास्त आली की पुढच्या प्रश्नावल्या. त्यातली नैराश्याची प्रश्नावली ९ प्रश्नांची, २७ गुणांची. १० पासून पुढे मध्यम किंवा त्याहून तीव्र लक्षणे धरतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांनी समोर बसून बोलायचे. ही तपासणी कधी करावी याच्या यादीत हंगामाची सुरुवात, दुखापत, शस्त्रक्रिया, खेळातून बाहेर पडण्याचा काळ यांच्याबरोबर ‘कारण न सापडणारी कामगिरीतली घसरण’ हेही आहे. म्हणजे नेमकी तीच वेळ, जेव्हा आपण ‘संपला’ असे लिहितो.

जागतिक फुटबॉलपटू संघटना फिफप्रोच्या २०१५ च्या पाहणीत खेळत असलेल्या सहाशेहून अधिक व्यावसायिक खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणे सांगितली होती. कारकिर्दीत तीन किंवा अधिक गंभीर दुखापती झालेल्यांत ही शक्यता दोन ते चार पट आढळली. तीन मोठ्या दुखापती कोणाच्या खात्यावर असतात? बहुधा जुन्या खेळाडूच्याच.

तरी तो बोलत नाही, कारण गमावण्यासारखे त्याच्याकडेच जास्त असते. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की नियमाप्रमाणे तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो, आणि तिथे वैद्यकीय चाचणी असते. ‘औषधे चालू’ ही नोंद कोणाच्या हाती पडेल याची धास्ती त्याला असते. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के उपचार घेत होता, पण आजार उघड झाला तर खेळही जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही, ही भीती त्याला होती. १० नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. तेव्हा २०१० च्या विश्वचषकात जर्मनीच्या गोलरक्षकाच्या जागेसाठी तो प्रमुख दावेदारांपैकी एक होता. जर्मनीचाच बचावपटू पेर मर्टेसाकर याने २०१८ मध्ये, ३३ व्या वर्षी, सामन्याआधी वर्षानुवर्षे होणाऱ्या मळमळीबद्दल सांगितले, तर त्याच्याच देशाच्या माजी कर्णधाराने, लोथार मॅथेउसने, त्याच्या फुटबॉलमध्ये राहण्यावरच जाहीर प्रश्न उभा केला.

दुसरीकडे स्पेनचा आघाडीपटू अल्वारो मोराता आहे. २०२१ च्या युरो स्पर्धेत हुकलेल्या संधींवरून त्याच्याच देशाच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली, कुटुंबाला धमक्या आल्या. २०२४ ची युरो स्पर्धा स्पेनने जिंकली ती त्याच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर त्याने उघडपणे सांगितले, की स्पर्धेच्या काही महिने आधी नैराश्य आणि घबराटीच्या झटक्यांनी आपण पुन्हा मैदानात उतरू की नाही हेच कळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञ आणि संघातले सहकारी यांचा आधार मिळाला, असेही तो म्हणाला. करंडक उचलताना तो ३१ वर्षांचा होता. आधीच्या वसंतात त्याला कोणी ‘संपला’ म्हटले असते तर ते चूक ठरले असते.

उपचारात गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. क्लब एकाग्रता वाढवणारा ‘मेंटल कोच’ पाठवतो; तो उपयोगी माणूस आहे, पण आजारावर उपचार करणारा नव्हे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ आणि झोपेची गडबड होते, आणि खेळाडू पंधराव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतो. दुसरा खेळाडू बरे वाटताच सोडतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या असतात. या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या यादीत नाहीत, ही साधी गोष्टही कित्येकांना माहीत नसते आणि त्या भीतीपायी उपचार लांबतात.

एका धोक्याकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. गुडघे-घोटे झिजलेला खेळाडू डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतो. सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या गोळ्यांसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकासोबत या गोळ्या घेतल्या तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात ट्रॅमाडॉलवर बंदीच आहे. म्हणून मनोविकारतज्ज्ञ आणि संघाचे डॉक्टर यांच्याकडे औषधांची एकच यादी असली पाहिजे, बॅगेच्या कप्प्यातल्या गोळ्यांसकट.

‘घरी जा, विश्रांती घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण बहुतेकदा अंगाशी येतो. ज्याचा दिवस वीस वर्षे सरावाच्या वेळेभोवती फिरला, त्याला रिकामा दिवस खायला उठतो. प्रकृती झेपेल तिथवर दिनक्रम ठेवावा आणि भार कमी करावा. आधी फक्त उठण्या-झोपण्याच्या वेळा आणि हलका व्यायाम, मग संघासोबत सराव, मग बदली खेळाडू म्हणून पंधरा-वीस मिनिटे, मग तासभर. मांडीमागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) दुखावल्यानंतर आपण हेच करतो. प्रशिक्षकाला एवढेच कळवावे: खेळू शकतो, थोडा वेळ खेळू शकतो, किंवा नाही. निदान त्याला सांगायचे की नाही, हे खेळाडूने ठरवावे.

फोनचेही नेमके करता येते. सामन्यानंतरचे पहिले दोन दिवस खाते दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती, अनोळखी लोकांचे शेरे बंद, आणि चित्रफीत रात्री एकट्याने नाही तर दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकासोबत, आठ-दहा तुकडेच, त्यात नीट जमलेलेही असावेत.

आणि आपल्या पानाकडून एक मागणे. सामना समीक्षेत कोणती चाल फसली, कोण जागेवर नव्हता, हे जरूर लिहा. खेळाडू बाकावर का बसला याचे कारण क्लबने दिले नसेल तर तिथे वय लिहू नका. ‘कारण कळले नाही’ एवढेच छापा.

आपले,
खेळाडूंच्या पुनर्वसनाचे काम करणारे काही वाचक