आई, तुझ्या ओव्या रेडिओवर लागायला हव्यात

ती. आई-आबा,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला. बोलला काहीच नाही, नुसता फोन रेडिओला लावून धरला. म्हसवडचं माणदेशी तरंग, 90.4. कोणी एक आजी ओव्या म्हणत होत्या. मधेच आपली गाय हंबरली, आबांचा खोकला ऐकू आला, आणि मला इथे पुण्यात रडूच फुटलं.

2008 पासून हे केंद्र आपल्या भागात आहे. सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर 50 वॅटचा, आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर पोचतो. पुण्याला कुठला पोचायला! पण म्हणूनच तो मला आपला वाटतो. गाणारी बाई आणि ऐकणारी बाई एकाच बाजारात भाजी घेतात.

आई, त्या आजींच्या जागी तू का नाहीस, हे विचारायला हे पत्र लिहितेय. तू म्हणशील, "माझं काय असतंय सांगण्यासारखं?" मग मी तुला छावणीची आठवण करून देते. 2013 चा दुष्काळ. विहिरीला पाणी नाही, वैरण नाही, म्हणून दोन्ही गाया घेऊन तुम्ही दोघं म्हसवडच्या चारा छावणीत राहायला गेलात. मी सुट्टीत आले होते. रात्री बायका जमल्या आणि तू ओवी धरलीस:

सरलं दळण, उरलं सुपात दोन दाणं
लेक निघाली शाळंला, तिच्या नावानं माझं गाणं

तिथे जातं कुठलं? पण तुझा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. शेजारची बाई वैरण तोडायची थांबली होती. तो हात मला अजून दिसतो. फी भरायची वेळ आली की दिसतो, परीक्षेच्या आदल्या रात्री दिसायचा.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात तुझी ही ओवी नसणार, कारण ती तू माझ्यासाठी बांधलीस. आता घरोघरी गिरणीचं पीठ आहे. तू म्हटली नाहीस तर ती कोण म्हणणार?

आबा, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मोही गावची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा तुम्ही गावभर सांगत होतात, "आपल्या माणची पोर हाय." तुमचा ऊर कसा भरून आला होता! आईबद्दल मला अगदी तसंच वाटतं, आणि तुमच्याबद्दलही. छावणीत दिवसभर पेंढ्या वाहून रात्री गजी नाचाचा ढोल गळ्यात अडकवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कुणी विचारलं की तुझ्यासाठी मोठं माणूस कोण, तर माझ्या तोंडी तुम्हा दोघांचीच नावं येतात.

केंद्रात जाऊन मीच विचारते. आई, पुस्तकी बोलू नकोस, घरी बोलतेस तशीच बोल. हात फिरवायचा असेल तर खुशाल फिरव.

शनिवारी रात्रीच्या एसटीने निघते, पहाटे पोचेन. आबा, ढोलाच्या दोऱ्या ताणून ठेवा. आणि आई, गार पाणी पिऊ नकोस, घसा बसेल.

तुमची,
थोरली