बुरशीचं नाव कळायला अकरा दिवस

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ब्लड कॅन्सरवर अख्खं पान आलं, केमो, बोन मॅरो, योजनेचे कागद, सगळं होतं, पण बुरशीबद्दल एक ओळ नव्हती म्हणून लिहितो. आमच्या घरात हे झालंय.

पुतण्या १९ वर्षांचा, आयटीआयला होता. आम्ही सगळे कॅन्सरलाच भेत होतो. पहिली केमो नागपुरात झाली, दुसऱ्या आठवड्यात इन्फेक्शनशी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी ५०० च्याही खाली गेल्या. मी त्या दिवशी सोयाबीनचं कुटार भरून तसाच एसटीत बसून गेलो, शर्टावर सगळी धूळ, तर सिस्टरनं मला वॉर्डच्या दारातूनच परत पाठवलं. लय राग आला होता. मग तिथल्याच एका डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं की कुटारात, शेणखतात, घरात रचलेल्या कापसात, ओल्या भिंतीत बुरशीचे बीजाणू असतातच, आपण ते रोज श्वासातून घेतो अन् काही होत नाही कारण शरीर त्यांना फुप्फुसातच संपवते, पण याच्याजवळ पेशीच नाहीत तर ते तिथं रुजतील. बियाणं अन् ओल म्हटल्यावर शेतकऱ्याला अजून काय सांगायचं.

ताप आला. अँटिबायोटिक सुरू झालं, पाचव्या दिवशीही ताप तसाच, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसले. रक्ताची गॅलॅक्टोमॅनन नावाची तपासणी केली, निगेटिव्ह आली. ही तपासणी अ‍ॅस्परजिलस बुरशी पकडते, म्युकर म्हणजे कोरोनात जिला आपण काळी बुरशी म्हणायचो ती यात दिसतच नाही. आम्हाला काय माहीत, निगेटिव्ह म्हटल्यावर वहिनीनं देवाला नारळ फोडला. डॉक्टरांनी अंदाजानं व्होरिकोनॅझोल सुरू केलं, त्यांची चूक नाही म्हणत मी, अशा वेळी अ‍ॅस्परजिलसचीच शक्यता जास्त असते अन् त्याच्यावर ते चांगलं औषध आहे. पण म्युकरवर ते चालत नाही, तिथं अ‍ॅम्फोटेरिसिन लागते.

पीसीआरसाठी सॅम्पल बाहेर पाठवायचं ठरलं. थर्माकोलचा डबा, आत रक्ताच्या नळ्या, वर बर्फाची पिशवी, हे मी स्वतः कुरिअरवाल्याकडं घेऊन गेलो, शनिवार होता, तो म्हणे आता सोमवारीच निघन. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा ताप येऊन अकरा दिवस झाले होते. म्युकर. त्याच संध्याकाळी औषध बदललं. पोरगा वाचला, पण पुढची केमो दीड महिना लांबली, अन् केमो लांबणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच विचारा.

या पीसीआरमध्ये रक्तात फिरणारा बुरशीचा डीएनए पकडतात. कल्चरमध्ये बुरशी वाढायची वाट पाहावी लागते, म्युकर तर रक्ताच्या कल्चरमध्ये बहुतेक वेळा उगवतच नाही. पीसीआरवर मात्र काही पेशंटमध्ये सीटीवर डाग दिसायच्या आधीच खूण सापडते, म्हणून पेशी कमी असताना आठवड्यातून दोनदा तपासत राहायची पद्धत बाहेरच्या देशांत काही मोठ्या हॉस्पिटलांत आहे. ही जादू नाही. हवेतला बीजाणू नळीत पडला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून अ‍ॅस्परजिलससाठी रक्ताची एकच पॉझिटिव्ह धरत नाहीत, लागोपाठ दोनदा यावी लागते, सोबत सीटी पाहावाच लागतो, अन् बुरशी होऊ नये म्हणून आधीच गोळी सुरू असली तर खरी बुरशीही निसटू शकते. २०२० मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी निदानाचे निकष सुधारले त्यात अ‍ॅस्परजिलसची पीसीआर घेतली गेली. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं १९ धोकादायक बुरश्यांची यादी काढली तिच्यात अ‍ॅस्परजिलसही आहे अन् म्युकरचं घराणंही.

अजून एक, आपण सोयाबीनवर टेब्युकोनॅझोल फवारतो ना, ते अन् पेशंटचं व्होरिकोनॅझोल एकाच कुळातलं. शेतात अशा औषधाला सरावलेली अ‍ॅस्परजिलस माणसाच्या औषधालाही दाद देत नाही असं बऱ्याच देशांत दिसलंय, भारतातही सापडली आहे. बुरशीच्या जीनमधल्या ज्या बदलानं औषध लागू पडत नाही, तो बदलसुद्धा काही पीसीआर किटमध्ये कळतो.

आता मुद्द्याचं. कोरोनात विदर्भातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आरटी-पीसीआरच्या लॅब उभ्या राहिल्या, माणसं शिकली, रात्रंदिवस रिपोर्ट दिले. मे २०२१ मध्ये अ‍ॅम्फोटेरिसिनचा तुटवडा पडला तर ते इंजेक्शन आपल्या वर्ध्यात बनायला लागलं. म्हणजे मनावर घेतलं तर होते. बुरशीसाठी किट वेगळं लागन, डीएनए काढायची रीत शिकवावी लागन, पण मशीन त्याच कामाची आहे. मग आमचं सॅम्पल हजार किलोमीटर काहून जाते? निदान नागपूर, यवतमाळ, अकोला इथं तरी ही तपासणी व्हावी, रिपोर्ट दोन दिवसांत मिळावा, अन् ब्लड कॅन्सरच्या पेशंटला ती योजनेतून फुकट व्हावी. औषध योजनेत अन् तपासणी खिशातून, असं आमच्या वाट्याला आलं, त्या दिवशी भावानं तुरीचे पैसे मोडले.

पुतण्याची पुढची केमो पोळ्यानंतर आहे. कुटार आता वावरातच ठेवतो. तोवर यवतमाळच्या मेडिकलमध्ये ही तपासणी सुरू होते का, एवढं तुमच्या बातमीदारानं विचारून छापावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ