भुयार खणण्याआधी विजेचा हिशेब मांडा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आरे ते कफ परेड ही मुंबईची भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून, नाशिकरोडहून पंचवटीने जाणारे आमच्यासारखे प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून थेट जमिनीखाली जाऊ लागले आहेत. तिथल्या गारव्याचे कौतुक सगळेच करतात. तो टिकवायला किती वीज लागते, याबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही.

माझी नोकरी इगतपुरी-कसारा घाटात इंजिन चालवण्यात गेली. 37 मीटरला 1 मीटर अशा त्या चढावर गाडीला मागून बँकरचा, म्हणजे ढकलणाऱ्या जादा इंजिनाचा, जोर द्यावा लागायचा. आणि घाट उतरून आलेली गाडी कसाऱ्याला उभी राहिली की ब्रेक ब्लॉकचा जळका वास यायचा, चाकाजवळ हात नेला तरी झळ लागायची. उघड्या घाटात ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते, पण बोगद्यात ती साठते. लंडनच्या जुन्या भुयारी मार्गांभोवतीची माती 1900च्या सुमारास साधारण 14 अंश होती, ती आज काही ठिकाणी 20 अंशांच्या वर गेली आहे, आणि त्यामागचे मोठे कारण गाड्यांचे ब्रेक हेच आहे.

त्याच लंडनमध्ये 1900 साली सुरू झालेल्या सेंट्रल लाइनची स्थानके मुद्दाम उंचवट्यावर बांधली गेली. स्थानकात शिरताना 60ला 1 चढ असल्याने गाडीचा वेग ब्रेक फारसा न दाबता उतरतो आणि निघताना 30ला 1 उतार तिला पुढे ढकलतो, त्यामुळे वीज दोन्हीकडे वाचते. गाडी ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडण्याची सोय आता सर्रास असते, फलाटावर काचेची पूर्ण उंचीची दारे बसवली की थंड हवा बोगद्यात जात नाही, आणि ही दारे नंतरही बसवता येतात. पण एकदा खणलेल्या बोगद्याचा उतार पुन्हा बदलता येत नाही.

नाशिकसाठी 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेली मेट्रो निओ, म्हणजे रबरी टायरवर धावणारी हलकी मेट्रो, उन्नत मार्गाची होती. तरीही राज्यात कुठेही, किंवा उद्या आपल्या गावठाणाखालून, भुयारी टप्पा ठरला तर स्थानकांची खोली, दोन स्थानकांमधले चढ-उतार आणि वायुवीजन व वातानुकूलनाला लागणारी अंदाजित वीज हे आकडे प्रकल्प अहवालात स्वतंत्रपणे द्यावेत आणि निविदा निघण्यापूर्वी नागरिकांच्या हरकतींसाठी खुले करावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
नाशिकरोड